धुळ्याच्या उत्तराची वाट

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या एका बियाण्यांच्या दुकानासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. गोदाम धुळ्याला होतं. तिथला संगणक माझे यजमान सांभाळत. गिऱ्हाइकाने वाण विचारला की तो शिल्लक आहे का, हे प्रोग्रॅम फोनच्या तारेवरून धुळ्याला विचारी आणि उत्तर येईपर्यंत गोठून बसे. भडगावचे एक आबा रांगेतून म्हणाले, "ताई, तुना डबा झोपी गया का?" शेठनी बजावलं, सोमवारीही रांग तुंबली तर संगणक बंद.

शनिवारी यजमान घरी आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. ते म्हणाले, "अगं, शेजारी निरोप धाडून तू उंबऱ्यात उभी राहतेस का? विचारून ठेव, पुढचं गिऱ्हाईक घे. पिशवी राखून ठेवताना मात्र उत्तर येईपर्यंत थांब, नाहीतर शेवटची पिशवी दोघांना कबूल करशील."

रविवारभर बसून मी तसं केलं. सोमवारी रांग सरकत राहिली, संगणक दुकानात राहिला.

यजमान गेले त्याला दोन वर्षं झाली. सकाळी चहा गाळताना मी अजून त्यांना काहीबाही विचारते आणि कामाला लागते. दुपारी कधीतरी, भाजी निवडताना, उत्तर सुचतं. अगदी त्यांच्याच सुरात.