भवानीचं गिऱ्हाईक

सन दोन हजार. मी एकसष्ट वर्षांचा होतो, चौथी शिकलेला, आणि गोरेगावला कॉम्प्युटरवाल्यांच्या प्रदर्शनात टेबलामागे उभा होतो.

टेबल मुलीचं. ती अंधेरीच्या एका कंपनीत होती. कॉम्प्युटरला काम सांगायच्या भाषा असतात, हे मला तिनेच सांगितलेलं. सगळे ज्या दोन-तीन वापरतात त्या हिला नकोत. हिच्या मनात भरलेली भलतीच, कोणी नावही न ऐकलेली. साहेबाने बजावलं होतं, ह्या प्रदर्शनात एक तरी कारखानदार तुझ्या भाषेत काम करून घ्यायला तयार झाला तर पुढे बघू. नाहीतर हा नाद सोड.

"मी येतो खोकी उचलायला," मी म्हटलं.

"पप्पा, तिथे हमाल असतात."

"असू दे. बाप नसतो ना?"

आमच्या गिरीज गावाहून निघताना घरची सुकेळीही घेतली टोपलीभर, आमच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. तिला लाज वाटली. पण टेबलाशी जे थांबले ते सुकेळीसाठीच थांबले. तिने भाषेचं काही सांगायला घेतलं की तोंड पुसत पुढे जायचे. एक जण तर मलाच म्हणाला, "काका, तुमचा माल चांगलाय. हिला पण हाच धंदा शिकवा."

दुपारी तिचं तिथल्या सभागृहात भाषण होतं. जाताना म्हणाली, "कोण आलं तर पत्रक द्या आणि बसवून ठेवा. बाकी काही बोलू नका हां, पप्पा."

मी काय कुकुलं बाळ? सारा जन्म बाजारात गेला माझा.

बाजारात दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीच्या गिऱ्हाईकाला आम्ही नाही म्हणत नाही. भाव पाडून मागो, नसलेला माल मागो, 'देतो' म्हणायचं आणि शेजारच्याच्या टोपलीतून आणून द्यायचं. तो रिकामा गेला की दिवस गेला. आणि आमची दुपार झाली तरी भवानी नव्हती.

तेवढ्यात एक जाडसा माणूस टोपलीत डोकावला. "सुकेळी! वसईचे काय तुम्ही?"

"गिरीजचा."

"मग शेजारीच की! माझा वसई पूर्वेला नळाच्या तोट्यांचा कारखाना." पत्रक उलटसुलट करून म्हणाला, "गोदामातला माल कॉम्प्युटरवर घ्यायचाय. पण मशीनं आहेत जुनी, आणि नवी मी घेणार नाही. तुमचं त्यांच्यावर चालेल?"

"चालेल."

"नक्की?"

"अहो, न चालायला काय झालं!"

"दिवाळीच्या आधी?"

"आधीच. माझा शब्द."

मुलगी परत आली तेव्हा तो खुर्चीत बसून सुकेळी खात होता. "तुमच्या वडलांनी शब्द दिलाय," तो म्हणाला. "जुन्या मशीनवर, दिवाळीच्या आत. मग मी तयार." आजूबाजूला चार माणसं होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून उभा. ती "हो" म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "बघ! झाली का नाही भवानी?"

ती पत्रकं नीट लावत होती. "पप्पा, त्या मशीनांवर ही चालत नाही."

"थोडी खटपट करून?"

"नाही चालत."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडू?"

इथे शेजारची टोपली नव्हती. संध्याकाळी साहेब आला आणि त्याने तिची पाठ थोपटली. ती खाली बघत "थँक्यू सर" म्हणाली. तो गेला तरी तिने मान वर केली नाही. लहानपणी एकदा खोटं बोलली म्हणून मीच तिला हाताला धरून देवळात कुमसाराला, फादरांपुढे पाप सांगायला उभी केली होती. आता तिचं खोटं माझं होतं. घरी ती जेवली नाही. मीही ताट सारलं. आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, तिचीही मागता येईना.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कारखान्यात जायला निघालो. कडीला हात लावला आणि थांबलो. परत तेच करत होतो, तिला न विचारता तिच्या वतीने बोलायला चाललो होतो. मागे फिरून तिच्या दाराशी उभा राहिलो. "तोट्यावाल्याला खरं सांगायला जातोय. जाऊ का?"

तिने दार उघडलं. मग म्हणाली, "थांबा. मी येते. मी बोलेन."

कारखान्यात मी एवढंच म्हटलं, "काल बोललो तो मी. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हिचा दोष नाही." मग तोंड मिटून बाकावर बसलो. तिने त्याला सगळं सांगितलं, काय चालतं, काय नाही, किती काळ लागेल. त्याने ऐकून घेतलं. चहा पाजला. "मग राहू द्या," म्हणाला.

बाहेर येऊन ती स्टेशनकडे चालू लागली. ऑफिसात जाऊन साहेबाला सांगायचं होतं. तिची पिशवी मी विचारून घेतली आणि स्टेशनपर्यंत तिच्या मागे चालत गेलो.