पूजेतली मोडकी गाडी

माझ्या दाजींची गाडी दोनदा मेली. पहिल्यांदा ती मेली असं विमा कंपनीनं ठरवलं, आणि दुसऱ्यांदा मेली तेव्हा ती पहिल्यांदा मेलीच नव्हती असं मी ठरवलं. या दोन निर्णयांच्या मधे चौदा महिने एक माणूस आपल्या अंगणात घण घालत होता. त्याला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. वाईजवळच्या एका गावात घर, थोडा ऊस, आणि लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं काढून मिळालेली हवालदाराची पेन्शन. पेन्शनीत आलेला माणूस सहसा ग्रामपंचायतीत भांडणं लावतो. दाजींनी त्याऐवजी एक जुनी अँबॅसिडर घेतली आणि महाबळेश्वरला टूरिस्ट पोचवायला लागले. एका पावसाळी दुपारी एका नव्या जोडप्याला वर सोडून रिकामे परत येताना पसरणीच्या घाटात धुक्यात गाडी सुटली, दोन कोलांट्या घेऊन एका झाडाला अडली. दाजींचं खांद्याचं हाड मोडलं. गाडीचं काय काय मोडलं हे सांगण्यापेक्षा काय मोडलं नाही ते सांगणं सोपं होतं: मागची नंबरप्लेट.

तेव्हा विमा कंपन्या खाजगी होत्या. पुण्याहून एक गृहस्थ आले, नाकाला रुमाल लावून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ‘टोटल लॉस, दुरुस्तीच्या पलीकडे’ असं लिहून घेतलं. गाडीला नेमका कसला वास येत होता कोण जाणे.

“पलीकडं म्हंजे कुटं?” हात गळ्यात अडकवलेल्या दाजींनी विचारलं.

गृहस्थ रुमालाची घडी करत निघून गेले. कंपनीनं भंगाराची किंमत कापून उरलेले पैसे दिले आणि सांगाडा दाजींकडेच ठेवला. दाजींनी दोन बैलजोड्या लावून तो घरी ओढत आणला. पहिलं काम केलं ते म्हणजे वाईहून फोटोग्राफर बोलावला. चेपलेली गाडी, तिच्या टपाच्या खड्ड्यावर चांगला हात ठेवून उभे असलेले दाजी, बाजूला डोक्यावरून पदर घेऊन लग्नात बसतात तशी गंभीर बसलेली आक्का, असा फोटो निघाला. तो फ्रेम करून सोप्यात लावला, आणि मग कामाला सुरुवात झाली.

गावात एवढं लोखंड तापवेल अशी भट्टी नव्हती. पण गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात, गूळ उतरून झाल्यावर जो जाळ उरतो त्यात, दाजींनी चासीची वाकलेली बाजू लाल केली आणि बैल लावून सरळ ओढली. गूळ बघायला आलेले व्यापारी चासी बघून परत जायचे. वाळूच्या पोत्यावर टप ठोकून काढला. वाईहून गॅसच्या टाक्या आणून सांधे जोडले. सगळ्या गावानं येऊन सल्ले दिले, कारण सल्ल्याला गॅस लागत नाही. चौदा महिन्यांनी गाडी सुरू झाली तेव्हा तिला गुळाचा वास येत होता. तो शेवटपर्यंत गेला नाही. टूरिस्टांची पोरं मागच्या सीटखाली चिक्की शोधायची.

इथे मी येतो. कंपन्या सरकारी झाल्या तेव्हा मी सांगलीच्या शाखेत कारकून होतो. सरकारी झाल्यामुळे आता आम्ही जनतेची सेवा करणार होतो, म्हणून साहेबांनी प्रत्येक कारकुनानं इतक्या पॉलिस्या आणल्याच पाहिजेत असं फर्मान काढलं. अशा वेळी माणसाला नातेवाईक फार आठवतात. मी सुट्टीवर जाऊन दाजींचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता: या गाडीचा पूर्वी मोठा अपघात झाला आहे काय? ‘हो’ लिहिलं असतं तर पॉलिसी निघाली नसती, कारण एकदा टोटल लॉस झालेली गाडी घ्यायची नाही असा वरून फतवा होता. मी इंग्रजीत सुंदर अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं. दाजींनी न वाचता लष्करी सही ठोकली. “पाव्हणं लिवत्यात म्हंजे बराबरच आसंल,” म्हणाले. त्यानंतर तीन वर्षं कंपनीनं चांगल्या, जिवंत गाडीचा हप्ता घेतला. हप्ता घेताना गाडीची तब्येत कुणी विचारत नाही.

चौथ्या वर्षी, नवरात्रात पहिल्याच माळेला, परतीच्या पावसानं वाईच्या रस्त्यावरच्या वडाची फांदी मोडली. वडाखाली दाजींची गाडी उभी होती आणि दाजी समोरच्या हॉटेलात चहा पीत होते. फांदी बरोबर बॉनेटवर आली. इंजिनाचा ठोकळाच फुटला. दाजींनी पुन्हा बैल लावून गाडी अंगणात ओढत आणली.

क्लेमचा कागद माझ्याच टेबलावर आला आणि माझी पाचावर धारण बसली. पुण्याच्या गोदामातली जुनी फाईल कुणी उघडणार नव्हतं. तिच्यावर इतर शंभर फायली पडल्या होत्या. भीती होती ती दाजींची. त्या गाडीविषयी ‘नमस्कार’ म्हटलं तरी हा माणूस चुलवाणापासून सुरुवात करायचा. आणि तो बोलला की क्लेम बुडणार, फॉर्म निघणार आणि फॉर्मवरचं ते सुंदर अक्षर कुणाचं हे शाखेतला शिपाईसुद्धा सांगणार. नोकरी लागून मला सहा वर्षं झाली होती, आणि घरी दोन लहान मुलं होती.

मी डोकं चालवलं. त्याचा मला तेव्हा अभिमान होता. आधी आक्काला पत्र टाकलं की सोप्यातला फोटो भिंतीवरून काढून ठेव. मग सर्व्हे खंडेनवमीला ठेवला. कारण असं, की सर्व्हेअरांसमोरच दाजी गाडी खोलून दाखवत बसतील ही दुसरी भीती होती, आणि खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजून ठेवतात. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. एका दगडात दोन पक्षी मारले होते.

सर्व्हेअर सांगलीचे, पन्नाशीचे, पोटाचे आजारी. खिशात एक छोटी हातोडी असायची. आम्ही एस.टी.नं गेलो. त्यांनी गाडीभोवती रुमाल न लावता तीन चकरा मारल्या, मग सदरा काढून गाडीखाली पडले आणि खालून बराच वेळ टकटक ऐकू येत राहिली.

“गंमत आहे,” बाहेर येत ते म्हणाले. “कारखान्यानं केलेले पुढचे सांधे उकललेत. मागे चासीला जोड आहेत, त्यांना केसभर चीर नाही. कुणाचं काम हे?”

दाजींची छाती दोन इंच फुगली. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, “कारखान्याचंच असणार! साहेब, आत चला, चहा घ्या.”

म्हणजे त्यांना आत मीच नेलं. हे लक्षात घ्या.

सोप्यात भिंतीवर फोटो नव्हता. आक्कानं माझं ऐकलं होतं. तो खाली पाटावर होता. घण, पाने, जॅक, कानस, सगळं घासून मांडलेलं, त्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मधोमध, देवाच्या जागी, चेपलेली गाडी. दरवर्षी तो तिथेच असायचा. भिंतीवरून काढलेला फोटो बघून दाजींना वाटलं, बायकोनं यंदा पूजेची तयारी आधीच केली. खंडेनवमी मी निवडली, आणि खंडेनवमीला पूजेत काय असतं हे एकटा मीच विसरलो.

सर्व्हेअर वाकले. फोटोतली नंबरप्लेट शाबूत होती. त्यांनी ती वाचली.

“आवं, त्योच तर!” दाजी म्हणाले, आणि चुलवाणापासून सुरू झाले. पाऊण तास. मी तीनदा खोकलो. आक्कानं मला पाणी आणून दिलं. सर्व्हेअरांचा चहा गार झाला. लोखंड किती लाल झाल्यावर ओढलं, हेसुद्धा त्यांनी मधेच विचारलं. इतका रंगून ऐकणारा माणूस दाजींना आधी कधी भेटला नव्हता, पुढेही भेटला नाही.

मग ते मला अंगणात घेऊन गेले.

“फॉर्म कुणी भरला?”

“मी.”

“मूर्ख आहात.” त्यांनी हातोडी खिशात टाकली. “हे बघा, कुणाच्या पूजेत काय मांडलंय ते मी बघत नाही. पण जोड मी बघितलेत. मालकानं आपल्या हातानं लिहून द्यावं, की गाडीला पूर्वी अपघात झालेला नाही, कसलीही दुरुस्ती केलेली नाही, सगळे सांधे मूळचे आहेत. मग मी तसं धरतो. नाहीतर मला ऐकलं ते लिहावं लागेल.”

मी परत सोप्यात गेलो. दाजी पूजेसमोर बसले होते, अजून खुशीत होते. मी सगळं सांगितलं. फॉर्म, रकाना, सुंदर अक्षर, सगळं.

“म्हंजे गाडी फुटलीच नव्हती आसं लिवायचं?”

“व्हय.”

“आन मग सांधली कुनी?”

“कुणीच न्हाई, दाजी. सांधलीच नव्हती.”

ते फोटोकडे बघत राहिले. “चौदा म्हैनं मी काय करत हुतो मग?”

आक्का चुलीजवळून उठून दारात आली होती.

“पैशाचं जाऊंद्या,” दाजी म्हणाले. “तुमची नोकरी जाईल का?”

मी होकारार्थी मान हलवली. खरं तर त्या वेळी मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. आयुष्यात एकदा खोटं बोलायची गरज होती आणि मी खरं बोललो.

“द्या तुमचं पेन,” ते म्हणाले. “माजी हत्यारं आज पुजल्यात.”

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर ओढत लिहिलं. कसलीही दुरुस्ती केलेली नाही. खाली लष्करी सही. सर्व्हेअरांनी कागद घेताना त्यांच्याकडे बघितलं नाही. फोटो मी पिशवीत घालून सांगलीला आणला, पुरावा मागे राहायला नको म्हणून. माझी हुशारी अजून संपली नव्हती.

क्लेम पूर्ण मंजूर झाला. अहवालात एक खास ओळ होती: चासीचे मागील सांधे कारखान्याच्या उत्तम दर्जाचे. या वेळी सांगाडा कंपनीनं ताब्यात घेतला आणि मिरजेच्या एका भंगारवाल्याला विकला. दाजींनी आलेल्या पैशातून बऱ्यापैकी नवी गाडी घेतली. तिचं बॉनेट त्यांनी कधी उघडलं नाही. काही वाजलं की ते ती साताऱ्याच्या गॅरेजात नेऊन सोडायचे आणि बाहेर बाकड्यावर बसायचे. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलायचे, जेवायचा आग्रह करायचे. माझी नोकरी टिकली; पुढे बढतीही मिळाली, आणि फॉर्म नीट कसे भरावेत हे मी नव्या पोरांना शिकवू लागलो.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गावी गेलो. सोप्यात पाट मांडला होता, झेंडूची फुलं होती. पाटावर घण नव्हता, पाने नव्हते, जॅक नव्हता.

“आक्का, हत्यारं कुठायत?”

“भंगारवाला गाडी न्ह्यायला आला तवा डिकीत घातली त्येंनी,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हनत हुते.”

पाटावर माझं पेन होतं. त्या दिवशी दाजींनी परत दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं, वर एक फूल ठेवलं होतं.

दाजी बाहेरून हातपाय धुऊन आले. “या पाव्हणं,” म्हणाले, “नमस्कार करा.”

त्यांच्या आवाजात थट्टा आहे का ते मी ऐकायचा प्रयत्न केला. नव्हती. आक्कानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि मी वाकून त्या पेनाला नमस्कार केला.