जित्ती झालेली माती

बेळगावात आमच्या शेजारच्या आप्पांचा परसातच क्रोमच्या मुलाम्याचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यानं तिथं गवतसुद्धा उगवेना. कारखाना बंद केल्यावर आप्पा तिथं शेणखत आणि गांडूळखत घालत राहिले. कोणी आलं की त्याच्या नाकाशी ते मूठभर माती धरायचे.

"वास घे रं! जिवाणू परत आलेत. माती जित्ती झाली!"

एवढं कौतुक त्यांनी नातवाचंही केलं नव्हतं.

यंदा त्यांनी पेरलेला पालक तरारून आला. मी जुडीभर खुडला, तर आप्पांनी तो हातातून हिसकावून घेतला.

"खायाचा न्हाय! जिवाणू आलेत, पण मातीतला विषारी क्रोम कुठं गेलाय?"

"मग एवढा खटाटोप कशाला, आप्पा?"

"माती मारली मीच. जगवायला नको व्हय?" म्हणत ते पालकाला पाणी घालू लागले.