बाहेरची कढई

दौलतरावांनी मला सांभाळून घेतलं. हे मी आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं काही चुकलं, राहिलं, तरी एवढं तरी कागदावर राहील. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर लिहिलं ते माहेरच्या पत्रात, चार ओळी, सगळे खुशाल. एवढं लांबलचक, आणि छापायला द्यायचं म्हणून, कधी लिहिलं नाही. दौलतराव म्हणजे माझे चुलतसासरे, सासऱ्यांचे मोठे भाऊ. आम्ही त्यांना मोठे मामंजी म्हणायचो. लोधीखेड्याबाहेर आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथल्या झोपडीत ते राहायचे. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरी यायचे ते जेवायला आणि सणाला.

ते गेल्याचं पत्र मला इथं भोपाळला मिळालं, कोजागिरी होऊन गेल्यावर. धाकट्या दिरांनी लिहिलं होतं. सकाळी झाडाखाली गळलेली संत्री वेचता वेचता बसले, ते उठलेच नाहीत... दुखणं नाही, खोकला नाही. पत्र पोचेपर्यंत तेरवीला तीनच दिवस उरले होते. ह्यांना ऑफिसातून रजा मिळेना, लहान्याला ताप. मी नाही जाऊ शकले. पत्राच्या शेवटी सासूबाईंनी सांगून लिहवलेली एक ओळ होती. ती ओळ मी किती वेळा वाचली सांगता येत नाही. पण ती आत्ताच सांगितली तर कोणाला कळायची नाही. आधी कढईचं सांगावं लागेल.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी वैशाखात माझं लग्न झालं आणि मी मोहगावाहून लोधीखेड्याला आले. माहेरी आमच्याकडे मटण-मासळी काही नव्हतं. सासरी होतं, पण त्याची रीत वेगळी. अश्विनात रानडुकरं बगीच्यात घुसायची, ज्वारी लोळवायची, संत्र्याच्या बुंध्याशी उकरून ठेवायची. मग गावातले चार-पाच लोक भाले आणि कुत्री घेऊन जायचे आणि जे मिळेल त्याचे पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. आमचा वाटा घरात यायचा नाही. तो बगीच्यातच शिजायचा. शिजवायचं पुरुषांनी, खायचं तिथंच, आणि विहिरीवर आंघोळ करून मग घरी यायचं. त्याच्यासाठी एक कढई वेगळी होती, जाड लोखंडाची, एक कान तांब्याच्या खिळ्यानं ठोकलेला. तिला सगळे ‘बाहेरची’ म्हणायचे. ती बगीच्यातल्या कडुलिंबाला ठोकलेल्या खुंटीवर टांगलेली असायची आणि तिनं घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, अशी रीत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांना माहीतच असतं ते नव्या सुनेला कोण सांगतं?

त्या पहिल्या अश्विनात कढईचा कान हलायला लागला म्हणून मोठ्या मामंजींनी ती लोहाराकडे दिली. लोहारानं भट्टीत घालून, घासून-पुसून अशी लख्ख करून दिली की नवीच वाटावी. त्यांनी ती परसातल्या खुंटीवर अडकवली, संध्याकाळी बगीच्यात जाताना न्यायची म्हणून. आणि त्या दिवशी आमच्या अंगणात भुलाबाई होत्या. गल्लीतल्या पंधरा-वीस पोरी गाणी म्हणायला येणार, खिरापत आमच्याकडची, आणि ती करायची मी. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. शिऱ्याला घरातली कढई लहान पडली. परसात पाहते तर ही मोठी, स्वच्छ, रिकामी... मी तिला चुलीवर चढवलं. रवा भाजला, गूळ घातला, वेलदोडा घातला. शिरा इतका छान झाला की मी स्वतःवरच खूश होते.

भुलाबाईत खिरापत ओळखायची असते. कढईवर परात झाकून मी अंगणात आणून ठेवली आणि पोरी वास घेऊन घेऊन नावं सांगायला लागल्या. त्यात दुकानदारांच्या दोन पोरी होत्या, ज्यांच्या घरी कांदासुद्धा चालायचा नाही. तेवढ्यात मोठे मामंजी कढई न्यायला आले. त्यांनी कढई पाहिली, तो तांब्याचा खिळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी भयंकर झालं एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण काय झालं ते कळेना. मागोमाग सासूबाई परसातून आल्या.

“खुंटीवरची कढई कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

“थे मी दुपारीच नेली बगीच्यात,” मोठे मामंजी म्हणाले. “हे नवी आहे. पांढुर्ण्याच्या बाजारातून आणली घरासाठी. सुनबाईले म्हटलं, आजच लाव चुलीले.”

सासूबाईंनी कढईकडे पाहिलं. मग दिराकडे. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, बरं झालं, मोठी कढई पाहिजेच होती घरात. मोठे मामंजी पोरींच्यात मांडी घालून बसले आणि ओळखायला लागले. मुद्दाम चुकीची नावं घ्यायचे. भजी? पुरणपोळी? मग हे नक्कीच काकडी असन. पोरी हसून हसून लोळल्या. परात उघडली तेव्हा पहिला घास त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी मला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मला रडू फुटलं. आमच्याच गल्लीतली एक सून, दुधाच्या भांड्याला विटाळ केला एवढ्यावरून, गाडीत बसून माहेरी गेली होती ती परत आली नव्हती. माझी आई आजारी, घरी तीन लहान बहिणी. मी परत गेले असते तर त्या तिघींचं काय झालं असतं, हेच माझ्या डोळ्यांपुढं यायला लागलं. मोठे मामंजी बादली ओढता ओढता म्हणाले, “रडून कायले राहिली व? आता थे कढई घरची झाली. तू कोनाले सांगू नोको, मी बी नाही सांगत.”

मी विचारलं, मग तुमचं काय?

“माझं काय? माझ्याजवळ घमेलं आहे.”

आणि खरंच, त्या वर्षापासून ते घमेल्यात शिजवायला लागले. माती उचलायचं पातळ पत्र्याचं घमेलं. ती कढई त्यांच्या बायकोनं आणलेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नाही.

त्यांचं ते शिजवणं मी एकदाच पाहिलं, दुसऱ्या वर्षी. पुरुषांसाठी भाकरी घेऊन बगीच्यात गेले होते. बाईमाणसानं तिथं थांबायचं नाही, म्हणून टोपली ठेवून मी कुंपणाशी उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून घमेल्याशीच बोलायला लागले, जरा मोठ्यानं. तेल नाही टाकायचं बाप्पा, चरबीचे तुकडे खाली लावायचे अन् जाळ बारीक ठेवायचा, कापसाच्या पऱ्हाटीचा. चरबी सुटली की मास त्याच्यातच लाल होऊ द्यायचं, ढवळायची घाई नाही करायची. मग कांदा, सालासकट लसूण, वाळल्या मिरच्या, जाडे कुटलेले धने, मीठ. मग गळीची संत्री. ही संत्री म्हणजे पिकायच्या आधी झाडाखाली पडलेली, अर्धी हिरवी, व्यापारी घेत नाही ती. आमच्याकडे अश्विनात अशी टोपल्या टोपल्या गळतात आणि ढोरांपुढं जातात. ते त्यातली निम्मी पिळायचे आणि रस घालून बुडाचं खरपूस सगळं उलथन्यानं सोडवून घ्यायचे. निम्म्यांच्या चकत्या करायचे, बिया एकूण एक काढून. “बी राहिलं तं कडू. अन् साल शेवटी, उतरवायच्या वक्ताले. आधी टाकली तं सारं गेलं.” एकच भांडं, दुसरं काही नाही. झाकण टाकलं की माणूस मोकळा, बिडी ओढायला.

वास काय सुटला होता... मी कधी ते खाल्लं नाही, खाईन असं वाटलंही नव्हतं. पण आंबट-गोड आणि मिरचीचा तो धूर माझ्या नाकात अजून आहे. आणि मग जेवणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “दौलतबुवा, यंदा बुडाले लागलं गा. तुमचा हात गेला आता.” सगळे हसले. तेही हसले. पातळ पत्रा तो, लागणारच. जाड बुडाची कढई तेव्हा आमच्या चुलीजवळ चकचकत उभी होती आणि मी रोज तिला राखेनं घासत होते.

नऊ वर्षं असं चाललं. दर अश्विनात घरी भुलाबाईचा शिरा त्या कढईत, आणि बगीच्यात घमेलं, आणि कोणी ना कोणी म्हणायचंच की दौलतबुवांचा हात गेला. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की हात नाही, भांडं गेलं. मी दोनदा म्हटलं, मोठे मामंजी, मी सासूबाईंना खरं सांगते. दोन्ही वेळा त्यांनी मला गप्प केलं. एकदा म्हणाले, आता सांगशील तर मले खोटं बोलल्याबद्दल हाकलतील, मी कुठं जाऊ या वयात? चेष्टाच होती, पण मी त्याच्या आड लपले. आज वाटतं, मला सांगायचंच नव्हतं. घरात माझं बरं चाललं होतं, सासूबाई मला जीव लावत होत्या. कोण उठून स्वतःची चूक उकरून काढतं?

मग राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आमचं गाव इकडंच राहिलं. नागपूरचं सेक्रेटरिएट भोपाळला हललं आणि ह्यांची तिथली शिपायाची नोकरी त्याच्याबरोबर. आम्हाला गाडी पांढुर्ण्याहून. मोठ्या मामंजींनी स्वतः बैलगाडी जुंपली. सासूबाईंनी संसारासाठी भांडी बांधून दिली त्यात ती कढईही होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सामान उतरवताना मी ती बाजूला काढली आणि त्यांच्या गाडीत परत ठेवली. म्हटलं, ही तुमची, घेऊन जा. त्यांनी ती उचलून पुन्हा माझ्या ट्रंकेवर ठेवली.

“एकदा कर तिच्यात,” ते म्हणाले. “भोपाळात कोन पाहून राहिलं?”

“मला नाही जमणार.”

“साल शेवटी टाकशील, बस. बाकी सारं कढईले माहीत आहे.”

गाडी यायला वेळ होता. ते बाकावर बसून फलाटाच्या दोन्ही टोकांना पाहत होते. इकडं इटारसी, तिकडं नागपूर. म्हणाले, नागपूर तिकडं गेलं, तू इकडं चालली, मी आपला मधातच राहिलो. मी म्हटलं, पुढच्या संत्र्यांना येते. त्यावर त्यांनी मान हलवली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढच्या संत्र्यांना लहान्याच्या वेळचे दिवस होते माझे. त्याच्या पुढच्या संत्र्यांना पत्र आलं.

भोपाळात खरंच कोणी पाहत नव्हतं, पण मी केलं नाही. क्वार्टरला भिंतीला भिंत, पलीकडे पूजापाठवाले मोठे बाबू, वास जाईल, काय म्हणतील... मी सगळ्यालाच भिते. कढईत शिराच करत राहिले. इथल्या बायका मागून मागून खातात. भुलाबाई मात्र इथं कोणाला माहीत नाही, खिरापत ओळखायला कोणी नसतं.

आता ती ओळ सांगते. सासूबाईंनी लिहवलं होतं: ‘बाहेरची कढई तुझ्याजवळ आहे. येशील तेव्हा घेऊन ये. कडुलिंबाची खुंटी अजून तिथंच आहे.’

बाहेरची. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तांब्याचा खिळा त्यांनीही पाहिला असणार. जावेची कढई त्या ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी पदर सारखा केला आणि दिराचा शब्द राखला, मला राखलं, आणि अकरा वर्षं एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी ज्यांना भीत होते त्या माझ्यासाठीच गप्प होत्या. आणि आम्ही तिघंही गप्प राहिलो म्हणून मोठे मामंजी नऊ वर्षं आमच्यादेखत घमेल्यात करपवत राहिले. पत्र हातात घेऊन मी मोरीपाशी बसले आणि पुष्कळ रडले. ह्यांना वाटलं, गेले म्हणून रडते आहे. तेही होतंच.

त्या दिवसापासून मी कढईत शिरा केला नाही. राख लावणंही बंद केलं. तिचा जो जुना काळा थर होता, ज्यामुळं बुडाला काही लागत नसे, तो लोहारानं आणि मी मिळून घालवला. तो परत यावा म्हणून रोज स्वयंपाक झाला की कढई पुसून घेते, जवसाच्या तेलाचं बोट सगळीकडून फिरवते आणि विझत्या निखाऱ्यांवर उपडी घालते. ह्यांनी विचारलं, हे काय नवीन. म्हटलं, सांगेन. आता हे छापून आलं की वाचतीलच. पहिल्या आठवड्यात तेल नुसतं चिकट व्हायचं, मला वाटलं बिघडवली. आता बुडाशी काळं धरायला लागलं आहे, तळहाताएवढं.

मोठे मामंजी, मी भित्री आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहून देते. पुढच्या अश्विनात मी कढई घेऊन येईन. सासूबाईंना विचारून कडुलिंबाखाली चूल मांडीन, गळीची संत्री मीच वेचीन, बिया एकूण एक काढीन. पहिला वाटा पळसाच्या पानावर तुमचा. मग कढई पुसून तुमच्या खुंटीवर लावीन, आणि घरात जायच्या आधी विहिरीवर आंघोळ करीन. साल शेवटी टाकीन.