रतनसिंगच्या रुपयांवरचा ठिपका

आसेगावजवळच्या आमच्या तांड्यावर रतनसिंगला चहाला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. तो आधी कपाचा टवका शोधणार, मग चहातल्या साखरेला नावं ठेवणार. परवा भर मांडवात त्यानं नवरदेवाचा फेटा उलटा बांधलाय म्हणून ओरडून सांगितलं. खोट काढण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मंगरूळपीर तालुक्यात नाही.

त्यामुळे टांकसाळीत छापताना चुकलेल्या नाण्यांना शौकीन लोक वाटेल ती किंमत देतात, हे मोबाइलवर पाहून त्याला गहिवरूनच आलं. ज्या गुणापायी जन्मभर शिव्या खाल्ल्या, त्याला अखेर गिऱ्हाईक मिळालं होतं.

घरात त्याच्या आईचे, म्हणजे याडीचे, चांदीचे जुने रुपये होते. याडी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीच्या, रुचिकाच्या लग्नात ते माळेत ओवायचे म्हणून त्याची बायको नानीबाई डबा जपून होती. लग्न तोंडावर आलं, आणि हा भिंग घेऊन ओट्यावर बसला.

"नाने, हे पाय! राजाच्या डोक्यावर ठिपका! छापतानी धातू सांडला."

"पोरीच्या लग्नाचं सामान हाय ते. ठेवा आत."

"काहून ठेवू? एवढा महागाचा माल पोरीच्या गळ्यात बांधून राह्यली तू!"

ठिपका प्रत्येक रुपयावर निघाला, तोही त्याच जागी. दुसऱ्या कोणाला इथंच शंका आली असती. मी म्हणालोसुद्धा, "अरे, सगळ्यांवरच?"

"सरकारी काम हाय," तो म्हणाला. "एकदा चुकलं का चुकतच राह्यते."

नानीबाईनं दोन दिवस अबोला धरला. तरी तो मला घेऊन एसटीनं कारंज्याला गेलाच. तिथल्या सराफानं रुपये ओळीनं मांडले.

"भाऊ, ही राणी, हा तिचा पोरगा, हा नातू. तीन पिढ्या टांकसाळ तुमच्याच घरचे रुपये बिघडवून राह्यली होती काय?" सराफानं ठिपक्यावर नख फिरवलं. "इथं कडी जोडेल होती. कोणाची तरी माळ असन. कड्या कापल्या न् हा डाग राह्यला."

रतनसिंगनं सराफाच्या भिंगात खोट काढली, उजेडात काढली, शेवटी सराफातच काढली. परतीच्या एसटीत मात्र खिडकीची काच खडखडत होती तरी तो एक शब्द बोलला नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

घरी येऊन त्यानं डबा आपटला. "याडीनं कड्या कायले कापल्या? चांगला माल बिघडवला!"

नानीबाई भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"तुमीच कापाले लावल्या."

"मी?"

"मंगरूळपीरले शाळेत होते तुमी. बाजाराच्या दिवशी सासू फाटकावर भेटाले ये. तिच्या गळ्यातली हेच माळ वाजे न् पोरं हासत. तुमी म्हणले, यायाचं असन तं हे वाजणं काढून ये. तिनं घरी येऊन कड्या कापल्या."

"तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच. रागानं नाही, हासत सांगे. म्हणे, माह्या पोराची नजर लय बारीक हाय."

रतनसिंग ओट्यावर जाऊन बसला. भाकरी निवल्या, तो जेवायला उठला नाही. खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला त्याचा कळवळा आला तो त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सराफाकडे. रुपये माळेत ओवायचे म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं असावं. म्हणाला, "कड्या घट्ट बसवतो. रुपयाले रुपया लागणार नाही. आताच्या पोरींले वाजलेलं आवडत नाही."

"ढिल्या बसवा," रतनसिंग म्हणाला. "वाजली पायजे. पार शाळेच्या फाटकापर्यंत आयकू गेली पायजे."