कोपराच्या आत

माझी मावशी सेकंद घड्याळात मोजत नाही, रांगेत मोजते. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. समोरचा जुना कॉम्प्युटर पान उघडायला वेळ लावतो, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर काय काय घडतं हे तिला तोंडपाठ आहे. चौथ्या सेकंदाला पहिला माणूस सुस्कारा सोडतो. सातव्याला त्याचं कोपर फळीवर येतं. आणि नवव्याला, नाकातून, "अहो बाई, झालं का?" हे ती इतकं हुबेहूब करते की नकलांची खोड माझ्यात कुठून आली, हे आईनं विचारणं सोडून दिलंय.

बारा वर्षांपूर्वी पानाला अकरा सेकंद लागायचे. वेबसाइट सुस्त, बोलणी मात्र मावशीला. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ही वेबसाइट एका फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर उभी आहे, आणि तो सांगाडा सगळ्यांना खुला आहे. कुणीही वापरावा, कुणीही उघडून दुरुस्त करावा.

"कुणीही म्हणजे मीपण," मावशी म्हणाली आणि पुस्तकं घेऊन बसली.

"दिवसभर त्या खिडकीत बसतेस, घरी येऊन पुन्हा तिचंच काम?" आई करवादली.

"घरी निदान कोपरं नसतात, ताई."

आता त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती कधी निघणार आणि तिच्यात काय जाणार, हे मावशी ठरवते. तिचे नियम दोनच. पान जुन्यातल्या जुन्या फोनवर कोपराच्या आत उघडलं पाहिजे. देशोदेशी विखुरलेले तिचे सोबतीही आता सात सेकंदांना बिनदिक्कत 'कोपर' म्हणतात. आणि दुसरा नियम, तारीख हलत नाही. बस वेळेवर सुटते. ज्याचं काम थांब्यावर तयार नाही, ते पुढच्या बसनं.

मागच्या खेपेला या नियमाचा फटका त्या सोबत्यांपैकी उडीबाबाला बसला. हे नाव मी ठेवलंय, कारण त्याचं प्रत्येक वाक्य उडी मारूनच येतं.

"चला चला, माझं दोन दिवसांत होतंय की!"

"मग दोन दिवसांनी ये थांब्यावर. बस गेलेली असेल."

त्यानंतर आठवडाभर तो मावशीशी फक्त "बरं" एवढंच बोलला. तेसुद्धा उडी न मारता.

या खेपेला बसमधला मुख्य प्रवासी मावशीचाच होता, म्हणून उडीबाबाचं काम पुन्हा मागं राहिलं होतं. पानाचे तुकडे करून ते ब्राउझरकडे पाठवायचे आणि तिथंच जोडायचे, अशी नवी पद्धत तिनं दीड वर्ष खपून लिहिली होती. घरच्या कॉम्प्युटरवरचं मोजमाप सांगत होतं, चाळीस टक्के वेगवान! मोजणारा प्रोग्रॅमही तिचाच. आवृत्तीला नऊ दिवस उरले होते आणि उडीबाबानं घोषणेचा मजकूरही लिहून टाकला होता, पाच उद्गारचिन्हांसकट.

शनिवारी सकाळी मावशीनं शेवटच्या तपासणीसाठी म्हातारीला बाहेर काढलं. म्हातारी म्हणजे तिचा जुना फोन. काच तडकलेली, पाठ रबर बँडनं बांधलेली. मावशीनं मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्याच पत्त्यावर पान उघडलं, "एक..." म्हणाली, आणि दोन म्हणायच्या आत पान हजर.

मी टाळ्या वाजवल्या. मावशीनं नाही वाजवल्या. तिनं फोन नाकाशी नेला. पडद्यावर बारीक अक्षरं होती: पान सापडलं नाही.

नव्या पद्धतीत तिनं चाचणीच्या पानाचा पत्ता बदलला होता. मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तो कळवायचा राहून गेला. तो बिचारा रोज जुन्या पत्त्यावर जाई, नकार घेई, किती वेळ लागला ते टिपून खुशाल परत येई. काय मिळालं हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"चार महिने," मावशी म्हणाली, "आम्ही 'सापडलं नाही' हे किती झटपट सांगता येतं, ते मोजतोय."

तिनं पत्ता सुधारला. पुन्हा म्हातारी. "पाच... सहा... कोपर... आठ... अहो बाई, झालं का?" तेव्हा कुठं पान आलं. सध्याच्या आवृत्तीत ते सहात उघडायचं. पान जोडायचं ओझं नव्या पद्धतीनं म्हातारीच्याच डोक्यावर टाकलं होतं.

तासाभरात सगळे सोबती फोनवर जमले. मावशीनं चूक कुणाची ते पहिल्याच वाक्यात सांगितलं.

उडीबाबा लगेच म्हणाला, "चला चला, त्यात काय एवढं! तारीख दोन आठवडे ढकलू. तुमच्यासाठी सगळे थांबतील."

"जमणार नाही," टाचणी म्हणाली. ही सुरक्षेचं बघते आणि शब्द मोजून टोचते. "या आवृत्तीत कुलूप बदलतंय. जुनं कुलूप उघडतं हे चोरांना कळलंय."

"मग आहे तसं जाऊ द्या! नव्या फोनवर कुणाला कळतंय?"

"माझ्या खिडकीत कळतं," मावशी म्हणाली. "माझं काम उतरवतेय. तुझं मागच्या वेळचं तयार आहे का?"

"माझं?" उडीबाबाचा आवाज पहिल्यांदाच चालत आला. "ते केव्हाचं तयार आहे."

"म्हातारीवर बघितलंय मी. साडेपाच. चढव."

दीड वर्षाचं काम काढायला तिला चार दिवस लागले, कारण ते आवृत्तीभर मुरलं होतं. दवाखान्यातून आली की चहा, मग टेबल. आईनं एकदाच विचारलं, "वाईट वाटतंय का गं?" मावशी म्हणाली, "वाटतंय. पण हातांना वेळ नाहीये."

तिनं मोजणाऱ्या प्रोग्रॅमला आधी पान वाचायला शिकवलं. मग वेळ मोजायला. घोषणेतलं चाळीस टक्के खोडलं. पाचही उद्गारचिन्हं गेली, तेव्हा मात्र उडीबाबा कळवळला.

ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी आवृत्ती निघाली. कुलूप बदललं, उडीबाबाचं काम बसमध्ये चढलं, आणि मावशीचं एकही अक्षर चढलं नाही.

पुढच्या आवृत्तीची यादी तिनं त्याच संध्याकाळी उघडली. पहिली ओळ: पान जोडायची नवी पद्धत, मावशीची, अट कोपराच्या आत. खाली उडीबाबानं लगेच लिहिलं, "चला चला, थांब्यावर वेळेत या."

मावशीनं उत्तर लिहिलं, "बरं." आणि म्हातारीला चार्जिंगला लावलं.