वॉशरएवढा रंग

वायरिंगवाल्याला सगळा रस्ता 'सहा व्होल्ट' म्हणायचा. फार जुन्या गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असे आणि त्यांचे दिवे जरा विचार करून लागत. हा माणूसही तसाच. काही विचारलं की आधी डोळे मिचकावायचा, मग घसा खाकरायचा आणि विचारणारा निघायच्या बेतात आला की उत्तर द्यायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. लोकांना तेच जास्त झोंबायचं.

देवधर्माच्या बाबतीत तो कोरडाच होता. श्रद्धा म्हणावी अशी एकच, ती अर्थिंगवर. गाडीतल्या प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. करंट तिच्यातून जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडातून. ही परतीची वाट बंद पडली की दिवे वेड्यासारखे वागायला लागतात. "जायची सोय सगळेच करतात," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "परत यायची कोणी बघत नाही." गिऱ्हाइकाला वाटायचं, गडी काहीतरी खोल बोलला. तो बोलत असायचा गंजलेल्या बोल्टबद्दल.

दुकान म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. अर्धी त्याची, अर्धी मेहुण्याची. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांना रंग मारणारा. सात वर्षांपूर्वी सहा व्होल्टने तापलेली सोल्डरिंग गन मेहुण्याने नुकत्याच रंगवलेल्या एका गाडीच्या दारावर टेकवली होती. रंगाला नाण्याएवढा फोड आला. दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध ताडपत्री टांगली गेली आणि मेहुण्याने बोलणं टाकलं. पुढची सात वर्षं आठ फुटांवर बसलेल्या या दोन पुरुषांचा संवाद स्वयंपाकघरातून चालला. "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, रेडिओ कमी कर." "तुझ्या भावाला सांग, कंप्रेसर बंद केला तर करतो." बायको एका हाताने कढई ढवळत दुसऱ्या हाताने फोन बदलायची.

मग भूगोलाच्या बाईंची गाडी आली.

बाई रिटायर झालेल्या. शाळेत त्यांनी या दोघांनाही, पाच वर्षांच्या अंतराने, नापास केलं होतं. गाडी त्यांच्या वडिलांची: फुगीर मडगार्ड, बेडकाच्या डोळ्यांसारखे हेडलाइट आणि अर्ध्या शेडमध्ये मावणार नाही इतकं लांब नाक. ताडपत्री काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ती काढताना दोघांना एकमेकांशी "धर", "सोड", "तिकडून ओढ" एवढं बोलावंच लागलं. तोंड उघडलं ते उघडलंच. मेहुण्याने चार महिने खपून गाडी पत्र्यापर्यंत खरवडली, लांबीची पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि गडद निळ्या रंगाचे पाच हात दिले. दिवे बसतात त्या खोबणींच्या आतसुद्धा. तिथं कोण बघणार, असं बाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "मी बघितलंय ना."

सोमवारी सहा व्होल्टने दिवे बसवले. शुक्रवारी अकराला पासिंग होतं, आणि ही शेवटची संधी होती. या खेपेला नापास झाली तर गाडीचा नंबर कायमचा रद्द.

स्विच दाबला. हेडलाइट आजारी माणसाने डोळे किलकिले करावेत तसे लागले. डावा इंडिकेटर दिला तर उजवीकडचा छोटा दिवाही बरोबरीने लुकलुकायला लागला. ब्रेक दाबला तर मागे अंधार, आणि नंबर प्लेटवरचा दिवा मात्र पेटला, कुणी बोलावलं नसताना.

सहा व्होल्टला तिथंच कळलं. मेहुणा चहा आणायला गेल्यावर त्याने एक मोकळी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या अर्थला लावलं, दुसरं हेडलाइटच्या धातूच्या कड्याला. दिवा ढणढणीत पेटला. म्हणजे वायरिंग धडधाकट होतं, बल्ब धडधाकट होते. दिवा आणि लोखंड यांच्यामध्ये मेहुण्याच्या निळ्या रंगाचे पाच हात होते. त्यातून काही धड परत येणं शक्य नव्हतं. प्रत्येक दिव्यापासून वेगळी वायर आणता आली असती, पण मडगार्डातल्या भोकातून एकच वायर जाई. दुसरीसाठी ड्रिल मारावं लागलं असतं. रंग खरवडायचा, की त्याला भोकं पाडायची?

मेहुण्याची पावलं वाजली तशी त्याने वायर काढून चोरासारखी खिशात कोंबली.

सोमवार धरून तीन दिवस त्याने जन्मात केली नव्हती एवढी मेहनत केली, सगळी खोटी. धडधाकट बल्ब बदलले. फ्यूजची पेटी उघडून घासली. स्टिअरिंगखालचा स्विच खोलून त्याची स्प्रिंगं वर्तमानपत्रावर मांडली आणि डॉक्टरासारखा चेहरा करून बघत बसला. मेहुणा उजेडासाठी हातबॅटरी धरून शेजारी उकिडवा. "भाऊजी, ही वायर बघितली का?" "बघितली." "मग ती?" "तीही." मध्येच मेहुणा आपल्या सासऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायचा. बुधवारी दोघं इतके हसले की एक स्प्रिंग उडून गटारात गेलं आणि दोघांना ते काठीने उपसून काढावं लागलं. सहा व्होल्टला आयुष्यात पहिल्यांदा एखादा बिघाड टिकावा असं वाटलं.

गुरुवारी सकाळी बायकोने विचारलं, "अहो, सापडला का दोष?"

"सापडला."

"कधी?"

"सोमवारी."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग?"

"रंग खरवडावा लागेल. वॉशरएवढा. सात ठिकाणी." त्याने घसा खाकरला. "तू सांगतेस का त्याला?"

"मी सात वर्षं टेलिफोन होते," ती म्हणाली. "आता लाइन कापली. तुमच्या तोंडाने सांगा."

शेडमध्ये मेहुणा आधीच येऊन गाडी पुसत होता. सहा व्होल्टने डोळे मिचकावले. बराच वेळ मिचकावले.

"डोळ्यात काही गेलंय का?" मेहुण्याने विचारलं.

"दोष रंगाचा आहे."

"कुणाच्या रंगाचा?"

"तुझ्या. रंग फार चांगला बसलाय. आतपर्यंत." आणि त्याने खिशातली वायर काढून लावून दाखवली. दिवा पेटला. काढली, मंदावला.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' म्हणणं फार सोपं होतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"सोमवारी," सहा व्होल्ट म्हणाला. "तू चहाला गेलास तेव्हा."

मेहुण्याने फडकं बोनेटवर ठेवलं आणि तो बाहेर गेला.

सहा व्होल्टने पॉलिश पेपर काढला, हेडलाइट उतरवला आणि खोबणीपुढे बसला. हात काही पुढे होईना. आतला निळा रंग काचेसारखा चमकत होता. गाढवाने इथंही पॉलिश केलं होतं.

अर्ध्या तासाने मेहुणा परत आला. हातात नवं ब्लेड आणि एक वॉशर.

"सरका. माझ्या रंगाला कागद लावायचा नाही." त्याने वॉशर बोल्टच्या भोकाभोवती धरला, ब्लेडने गोल रेघ मारली आणि आतला रंग सोलायला लागला. मान वर न करता म्हणाला, "तीन दिवस मला बॅटरी धरायला बसवलंत."

"तू बोलणं बंद केलं असतंस."

"केलंच असतं. दोन दिवस. बुधवारी दुपारपर्यंत बोललो असतो."

"मागच्या खेपेला सात वर्षं लागली."

ब्लेड थांबलं. "मागच्या खेपेला तुम्ही सांगितलं नव्हतं, भाऊजी. तो फोड मला गिऱ्हाइकाने दाखवला. चार माणसांत. मी म्हटलं, माझ्या कामात फोड येत नाही, आणि त्याने माझं बोट धरून त्यावर ठेवलं."

सात वर्षं सहा व्होल्ट समजत होता की भांडण रंगाचं आहे.

संध्याकाळपर्यंत सात टिकल्यांएवढं लोखंड उघडं पडलं. बोल्टही मेहुण्यानेच कसले, कारण सहा व्होल्टच्या हाताला म्हणे दया नव्हती. सगळे दिवे लागले, आपापल्या वेळी, आपापल्या जागी.

शुक्रवारी पासिंगच्या साहेबाने जांभई देत स्विच दाबले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शिक्का मारला. चार महिन्यांचा रंग त्याच्या बाहीला जरासा घासला, तेवढंच त्याचं कौतुक.

परतताना बाई गाडी चालवत होत्या आणि हे दोघं मागे. मेहुणा भाऊजींच्या स्वभावातले दोष एकेक करून काढत होता. बाईंनी आरशातून दोनदा डोळे वटारले, तरी थांबला नाही. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाला, "आणखी काही लपवलंय का? असेल तर आत्ता सांगा."

सहा व्होल्टने या वेळी डोळे मिचकावले नाहीत.

"पुढचा उजवा बोल्ट सैल आहे," तो म्हणाला. "तू रंगाला जपत कसलास. निघताना दिवा थरथरताना दिसला."

मेहुणा पुढे वाकला.

"बाई, गाडी बाजूला घ्या."